चालू कॉलमध्ये इंजिन

"ताई, इंजिन ऐकू येतंय का?" मामा पलीकडून ओरडत होता.

"तुझं ओरडणं तेवढं येतंय!" आई म्हणाली.

आई लाँचच्या इंजिनांची मिस्तरी. नुसत्या आवाजावरून दुखणं ओळखायची! पण आज मामाची लाँच खाडीपलीकडच्या धक्क्यावर, चाळीस प्रवासी चढून बसलेले आणि इंजिनात खटखट. वॉल्व्ह सैल असेल तर अर्ध्या तासाचं काम. बेअरिंग गेलं असेल तर लाँच जागची हलवायची नाही. निकाल आईच्या कानांवर, आणि आवाज तर घोंगडीतून आल्यासारखा!

तुरतुरीनं कपाळावर हात मारला. आईच्या या लेकीला सगळे तुरतुरीच म्हणत. हे इंटरनेट-फोनचं ॲप तिनंच शाळेच्या प्रदर्शनासाठी बनवलेलं, मामाकडेही तेच. त्यात तिनं मोठ्या हौसेनं बोलण्याचा कोडेक, म्हणजे आवाज आवळून पाठवणारा प्रोग्रॅम, घातला होता. तो माणसाचा आवाज तेवढा पाठवायचा, बाकीचं गाळून टाकायचा. म्हणजे इंजिन गळालं आणि मामा उरला!

"आई, संगीताचा कोडेक लावते! तो सगळं पाठवतो."

"फोन ठेवू नकोस हं! वीसदा लावला तेव्हा कुठे लागलाय."

"ठेवतंय कोण? चालू कॉलमध्येच बदलते!"

बोटं सुसाट सुटली. तिच्या ॲपनं मामाच्या ॲपला विचारलं, संगीताचा कोडेक, दोन माइकचा, चालेल?

नाही!

 पण कॉल तुटला नव्हता, जुन्याच कोडेकवर मामाचं ओरडणं चालू होतं.

"अय्या, त्याच्या फोनला माइकच एक! मी वेडी दोन मागतेय!"

पुन्हा विचारलं, एका माइकचा?

चालेल!

क्षणभर सगळं चिडीचूप. आणि मग खोलीत इंजिनच येऊन बसलं की! पट्ट्याची शीळ, पाण्याचा चुबुकचुबुक आवाज आणि त्यावर बारीक, टणक टिक्-टिक्-टिक्.

"मामा, गप्प बस!" दोघी एकदम ओरडल्या.

आईनं डोळे मिटले. मग ताडकन उभी राहिली. "वॉल्व्ह! बेअरिंग असतं तर खालून जड दणका आला असता. बंद कर इंजिन, वरचं झाकण उघड, मी सांगते तशी फट माप!"

अर्ध्या तासानं इंजिन पुन्हा सुरू झालं. टिकटिक गायब! प्रवाशांची एकेक टाळी वेगळी ऐकू येत होती.

"भाचीऽऽ! जिंकलीस गं!" मामा गरजला.

आईनं कानात बोट घातलं. "बाई, आता याला तेवढं गाळणारा कोडेक बनव."