पोटातली खोली

चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांत, आत्या एकटी राहायची. दिवसभर खाली दुकानात लोकांच्या नाकावर चष्मे बसवायचे, काड्या वाकवून कानामागे नीट टेकवायच्या, आणि संध्याकाळी वर येऊन खिडकीपाशी गप्प बसायचं, हा तिचा शिरस्ता. मुलांशी तिचं काही वाकडं नव्हतं, पण सूतही कधी जुळलं नव्हतं. भाचीच्या वाढदिवसाला खेळणं पोचतं करायचं आणि लांबूनच हात हलवायचा, इतकंच.

त्यामुळे तिचा दादा एके सकाळी भाचीला घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा आत्या दार अडवूनच उभी राहिली.

"तुझ्या वहिनीला डॉक्टरांनी ठेवून घेतलंय," दादा म्हणाला. "बाळ आज-उद्यात येईल म्हणतात. मी तिथंच थांबतो. हिला तुझ्याशिवाय कुणाकडे सोडू?"

"अरे, पण मला मुलांचं काही कळत नाही!"

"हिला कळतं. ही सांगेल तुला," असं म्हणून दादा आला तसा जिना उतरून गेलासुद्धा.

भाची पाच वर्षांची. घरात सगळे तिला बटण म्हणायचे. एक तर ती होती तशीच गोल आणि चिमुकली, आणि दुसरं म्हणजे कुणाच्याही सदऱ्याची गुंडी दिसली की ती पिरगाळल्याशिवाय तिला चैन पडत नसे. आज मात्र तिने आत्याच्या गुंड्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आत्याने कागद आणि खडू पुढे ठेवले. बटणने एक मोठा गोल काढला, त्यात एक ठिपका काढला आणि खडू खाली ठेवला.

"आत्या, बाळाला आत काय दिसतं गं?"

आत्या 'अंधार' म्हणणार होती. पण तिचं सगळं आयुष्य कुणाला काय दिसतं आणि काय दिसत नाही, यातच गेलेलं. तिने पडदा ओढला, खणातून विजेरी काढली आणि बटणच्या तळहाताखाली धरून लावली. हात आतून पेटला. बोटं लालबुंद झाली, कडा नारिंगी.

"हे असं," आत्या म्हणाली. "आई उन्हात बसली तर. एरवी अंधार."

बटण स्वतःच्या हाताकडे बघतच राहिली. मग तिने आत्याचा हात ओढून त्याखाली विजेरी धरली, मग आत्याच्या कानामागे. "तुझा कानही लाल आहे आतून!" आणि मग पुढचा प्रश्न आलाच, "आणि ऐकू काय येतं?"

आत्याने फुग्यात पाणी भरलं, गाठ मारली आणि तो गार, लिबलिबीत फुगा बटणच्या कानाला लावला. पलीकडून तोंड टेकवून ती हळूच म्हणाली, "बटण, ए बटण."

"तू लांब गेल्यासारखी वाटतेस," बटण म्हणाली. "पण तूच आहेस."

तिथून पुढे त्या दोघींना कुणी धरू शकलं नसतं. बाळाची ती आतली खोलीच करायची, असं ठरलं. ठरवलं कुणी, हे आत्याला नंतर कितीही आठवलं तरी आठवेना. लाल चादर घरात नव्हती, पांढरी होती. मग बीट किसून उकळलं, निवू दिलं आणि बादलीतल्या त्या रंगात चादर बुडवून बटणने ती पायांनी मनसोक्त तुडवली. चादर लाल काही झाली नाही, गुलाबी झाली, आणि एका कोपऱ्यात तर नुसतीच ओशाळल्यासारखी. बटणचे पाय घोट्यापर्यंत रंगले. आत्या दुपारी बटणला घेऊन तासभर दुकानात उतरली तर एका गिऱ्हाइकाने तिचे हात पाहून विचारलं, "बाई, काय कापलंत?"

"बीट," आत्या म्हणाली आणि उगीचच हसू आलं तिला.

चादर वाळेपर्यंत नाळ करायची होती. आत्याने तीन जुन्या ओढण्या घेऊन बटणला तिपेडी वेणी घालायला शिकवली: डावा मधल्यावरून, उजवा मधल्यावरून. आधी सगळा गुंता झाला. मग बटणची जीभ दातांत आली, कपाळाला आठी पडली, आणि वेणी सरळ चालू लागली. आईच्या काळजाच्या ठोक्यांसाठी आत्याने बिस्किटांचा रिकामा डबा काढला. "किती भराभर वाजवायचं?" असं बटणने विचारल्यावर दोघींनी छातीवर हात ठेवून ठोके मोजले, मग जिना धावत खाली-वर करून पुन्हा मोजले. धापा टाकत बटण म्हणाली, "माझं आतून कुणीतरी दार वाजवतंय!"

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावरून गुलाबी चादर जमिनीपर्यंत सोडली. खाली गादी, उशा. पश्चिमेचं ऊन खिडकीतून आडवं येऊन थेट चादरीवर पडलं. बटण आत शिरली, मग आत्याने वाकून पाहिलं आणि तीही गुडघ्यांवर आत सरकली. उंच आत्याच्या अंगाचं मुटकुळं झालं आणि तरी पाय बाहेरच राहिले.

आत सगळा उजेडच गुलाबी होता. उशीला रंग, भिंतीला रंग, बटणच्या पापण्यांना रंग. रस्त्यावरच्या गाड्या कापडातून गाळून आल्यासारख्या दूर, मऊ वाजत होत्या. आत्या एका बोटाने डबा वाजवत होती, धब-धब, धब-धब, आणि आपण बोट हलवतोय की डबाच आपल्याला हलवतोय हे तिला कळेनासं झालं. आपण कुणाच्या तरी आत आहोत आणि ते कुणीतरी हळूहळू चालत कुठेतरी निघालंय, असं तिला वाटलं. कुठे, ते विचारायची गरज नव्हती. शेजारी बटण कमरेला नाळ बांधून, गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. किती वेळ गेला कोण जाणे. चादर करडी झाली तेव्हा दोघी बाहेर आल्या, दूधपाव खाल्ला आणि झोपल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बटण उठली ती थेट टेबलाखाली. दूध आत मागवलं, केळं आत मागवलं. आत्याला वाटलं, खेळतेय, खेळू दे. दुपारी दादाचा फोन आला. आत्या आनंदाने ओरडलीच, "बटण, भाऊ झाला तुला! चल, चल, बघायला जाऊ!"

चादर हलली नाही.

"बटण?"

"मी नाही येणार," आतून आवाज आला. "मी अजून झालेच नाहीये."

आत्या आधी हसली. मग थांबली. चादर ओढून काढणं म्हणजे एका हाताचं काम. तिचा हात पुढेही झाला होता. पण तो तसाच मागे घेऊन ती जमिनीवर बसली.

"का गं? बाहेर काय वाईट आहे?"

आतून चादरीला गुडघ्याचा उंचवटा आला. मग अगदी बारीक आवाजात, "बाहेर आलं की मोठी म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळे. आता तू मोठी. आता तू ताई. आता हट्ट नाही करायचा." नाक ओढल्याचा आवाज आला. "बाळ एकच असतं."

आत्या चादरीच्या कडेशी आडवी झाली.  "मला आत जागा आहे का?" तिने विचारलं.

"पाय बाहेर ठेव."

ती आत सरकली. दोघी आढ्याकडे, म्हणजे टेबलाच्या पोटाकडे बघत पडून राहिल्या.

"तू झालीस तेव्हा मी आले होते बघायला," आत्या म्हणाली. "तू एक डोळा उघडलास. एकच. मी दारातूनच हात हलवला."

"जवळ का नाही आलीस?"

"भीती वाटली. तू एवढीशी. मला वाटलं, हात लावला तर काहीतरी मोडेल."

बटणने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "वेडीच आहेस," ती म्हणाली. "बाळं मोडत नाहीत." आणि तिने आत्याच्या सदऱ्याची वरची गुंडी चिमटीत धरली.

तेवढ्यात बाहेर फोन वाजला. आत्याने हात लांब करून फोन उचलला, आवाज मोठा केला आणि फोन चादरीबाहेरच ठेवला.

"बटण?" वहिनीचा थकलेला आवाज कापडातून आत आला. "आहेस ना गं? मी केव्हाची वाट बघतेय. माझं डोकं कोण चेपणार?"

बटणची बोटं गुंडी पिरगाळायची थांबली.

"बाळाला जमत नाही का?" तिने विचारलं.

"त्याला काहीच येत नाही. तुझी आठवण आली म्हणून फोन केला, बाळाचं सांगायला नाही."

आता मात्र नाळ ताणली गेली. चादरीखालून आधी डोकं आलं, मग एक खांदा, मग ती अडकली. गाठ काही सुटेना. "कापायची असते," बटणने आत्याला बजावलं. आत्याने कात्री आणली आणि तिन्ही ओढण्या एकदम कापल्या. बटण उजेडात आली, डोळे मिचमिचवले, आणि तोंड उघडून जे 'ट्यां' केलं, ते खालच्या दुकानापर्यंत गेलं असणार. फोनमध्ये वहिनी हसायला लागली. "हसवू नका गं, टाके दुखतात!"

दवाखान्यात बाळ झोपलेलंच होतं. बटणने त्याला निरखून पाहिलं आणि "हा फार सुरकुतलाय," एवढंच म्हणाली. मग वहिनीने जरा सरकून जागा केली, आणि बटण जपून, टाक्यांच्या उलट्या बाजूने, आईच्या कुशीत आडवी झाली. तिने दोन्ही हातांनी आईचं डोकं चेपायला घेतलं. थोड्या वेळाने दोघीही झोपल्या. दादा दारातच उभा होता, दाढी वाढलेला.

"त्रास दिला का हिने?" त्याने हळूच विचारलं.

"नाही रे," आत्या म्हणाली. "आणखी काही दिवस राहू दे तिला माझ्याकडे. तुम्ही सगळे घरी येईपर्यंत."

दादाने बहिणीकडे एकदा नीट पाहिलं आणि मान हलवली.

परतताना आत्या आणि बटण चालतच निघाल्या. सांज उतरत होती, दुकानांची शटरं अर्धी खाली आली होती. बटणने आत्याचं एक बोट धरलं होतं.

"उद्या काय करायचं?" तिने विचारलं.

"तूच सांग."

बटण रस्त्याच्या मधोमध थांबली. दूर टोकाला एक दिवा लागला होता, मग त्याच्या अलीकडचा, मग त्याच्याही अलीकडचा. जणू कुणीतरी न दिसणारं माणूस त्यांच्याकडेच चालत येत होतं.

"हे कोण लावतं?" ती म्हणाली.

"मला माहीत नाही," आत्या म्हणाली, आणि दोघी कडेला होऊन, डोक्यावरचा दिवा लागायची वाट बघत उभ्या राहिल्या.