कडेची जागा

गाडी उभी करायची वेळ आली की कौसाबाईच्या कपाळाला आठी पडायची. सदू मिळेल ती जागा कधी घ्यायचाच नाही. समोर ऐसपैस मोकळं असायचं, हात करून बोलावणारा माणूसही असायचा, पण हा काच खाली करून मान बाहेर काढायचा, मागंपुढं बघायचा आणि म्हणायचा, "इथं नको. कुणाच्या तरी वाटेत येईल." मग गाडी पुढं, आणखी पुढं, आणि शेवटी कुंपणाला नाहीतर नाल्याच्या काठाला चिकटून उभी. उतरल्यावर तो गाडीभोवती एक चक्कर मारायचा. शेजारच्या गाडीचं दार नीट उघडेल का, आपली पायरी कुणाच्या पायात येईल का, धुण्याभांड्यांचं पाणी कुणाच्या अंगणाकडं वाहील का, हे सगळं बघून झालं की मगच दार उघडून म्हणायचा, "ये खाली."

गाडी म्हणजे त्यांचं चाकांवरचं घरच होतं. सदूनं जन्मभर अंबरनाथच्या एका कारखान्याची कामगारांची बस चालवली. तो निवृत्त झाला त्याच सुमारास कारखान्यानं एक जुनी मिनीबस विकायला काढली, ती त्यानं घेतली आणि उल्हासनगरात हासानंदच्या गॅरेजात नेऊन उभी केली. हासानंद बसच्या बॉड्या बांधायचा. त्यानं मागच्या सीटा काढून तिथं पलंग ठोकला, खिडकीशी शेगडीपुरता ओटा केला, टपावर पाण्याची टाकी बसवली. म्हातारपणी हे काय थेर, असं म्हणत कौसाबाई भांडायलाच गॅरेजात गेली होती. "चाची, ये तुम्हारा किचन. बघ, कसा वाटतो," असं म्हणत हासानंदनं ओट्याखालचं चिमुकलं कपाट उघडून दाखवलं. कौसाबाईनं ते दोनदा उघडलं, दोनदा लावलं आणि भांडायचं विसरून गेली.

बदलापूरला बेलवलीत त्यांची तळमजल्यावरची खोली होती. आजूबाजूचे लोक गाडीला घरगाडी म्हणायला लागले. मुलगा विनीत पुण्याला नोकरीत होता, मागं कुणाची जबाबदारी नव्हती. मनात आलं की दोघं निघायची. हरिहरेश्वर झालं, वाई झाली, नाशिक झालं. समुद्राच्या काठाला चहा उकळत ठेवून सदू बाहेर खुर्ची टाकायचा आणि कौसाबाईला वाटायचं, आता देवानं काही दिलं नाही तरी चालेल.

भांडण व्हायचं ते एवढ्या एकाच गोष्टीवरून. इमारतीच्या समोर अंगण होतं, पण सदू घरगाडी तिथं कधी लावायचा नाही. पार नाल्यापलीकडच्या मैदानात, बाभळीखाली ठेवून यायचा.

"कुणी नको म्हटलं का तुम्हाला?" कौसाबाई विचारायची.

"म्हणायची पाळी कशाला आणायची? एवढं मोठं धूड. पोरं खेळतात, लोकांचा वारा अडेल."

एकदा विनीतच्या बाळाला कपडे घ्यायला ती दोघं अंबरनाथ पूर्वेच्या बाजारात गेली. गाडीतळावर अगदी दाराशी जागा रिकामी होती. पण आपली गाडी दोन गाड्यांची जागा खाते म्हणून सदू थेट शेवटच्या कोपऱ्यात गेला. कौसाबाईचे गुडघे तेव्हा फार दुखायचे. ती उन्हातून लंगडत चालली आणि मध्येच थांबून फाडकन बोलली, "साऱ्या जगाचा विचार करता, माझ्या गुडघ्यांचा कधी करणार?" त्या दिवसापासून सदू तिला आधी हवं तिथं उतरवायचा, सावलीत उभी करायचा, मग गाडी लांब लावून पायी परत यायचा. जागा मात्र त्यानं बदलली नाही.

हे त्याच्यात कुठून आलं ते कौसाबाईला ठाऊक होतं. आईबाप लहानपणीच गेले आणि सदू सोनिवलीला मामाच्या घरी वाढला. मामा वाईट नव्हता, मामीही नव्हती, पण घर लहान आणि पोरं पुष्कळ. रात्री सगळे आडवे झाले की सदू उंबऱ्याशी अंग मुडपून पडायचा. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. लग्नानंतरही किती तरी वर्षं तो पलंगाच्या इतक्या कडेला झोपायचा की कौसाबाई त्याचा सदरा मुठीत धरून झोपायची, पडेल म्हणून.

ती गोष्ट घडली दोन हजार नऊच्या हिवाळ्यात. बारवी धरणाच्या वाटेवर एका शेतकऱ्यानं नदीकाठचं आपलं रान मुक्कामाला येणाऱ्यांसाठी मोकळं ठेवलं होतं. लोक तंबू ठोकायचे, चुली मांडायचे. सदू आणि कौसाबाई पोचली तेव्हा तिथं उल्हासनगरचं एक कुटुंब आधीच उतरलं होतं. मिलिंद, त्याची बायको अस्मिता, त्यांची छोटी वैष्णवी आणि आणखी दोघंतिघं नातेवाईक. मोठ्या आंब्याच्या सावलीत त्यांचे तंबू होते आणि शेजारी तेवढीच सावली रिकामी होती.

"काका, इथंच लावा ना," अस्मिता हसून म्हणाली. "जागा आहे की. काकूंना पण सोबत होईल."

कौसाबाई उतरायलाच लागली होती. बोलता बोलता ती मोठ्या सरकारी दवाखान्यात नर्स असल्याचं कळलं, आणि कौसाबाईला ती पहिल्या नजरेतच आवडली. पण सदूनं हात जोडले. "नको ताई. आमच्या गाडीनं तुमची नदी झाकून जाईल. आणि सकाळी लवकर इंजिन सुरू करावं लागतं, लेकरू दचकेल." त्यानं गाडी वळवली आणि रानाच्या पार टोकाला, करवंदीच्या जाळीपलीकडं नेली. तिथून तंबू दिसतही नव्हते. कौसाबाईनं उतरताना गाडीचं दार रागानं आपटलं. तो राग तिला पुढं जन्मभर पुरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली. सदू बाहेर खुर्चीवर बसला होता, तो उठून आत आला आणि पलंगावर बसला. त्याचा चेहरा ओला होता.

"काय होतंय?"

"काही नाही. गॅस झालाय. वांग्यानं."

तिनं ओवा दिला, पाठ चोळली. तो डावा हात दाबून धरत होता. "मी त्या बाईला बोलावते," कौसाबाई म्हणाली, "नर्स आहे ती."

सदूनं तिचा पदर धरला. "बस गं. आत्ता जेवून लवंडली असतील माणसं. उगाच कुणाला उठवू नको. होईल कमी."

आणि कौसाबाई बसली. चाळीस वर्षांच्या संसारात ती त्याचं एवढं ऐकत कधी नव्हती, पण नेमकं तेव्हा ऐकलं. पंख्यानं वारा घालत बसली. थोड्या वेळानं त्याच्या ओठांचा रंग बदलायला लागला, तेव्हा ती पदर सोडवून पळत सुटली. गुडघे, दगड, करवंदीचे काटे, तिला कशाचंच भान राहिलं नाही. रान संपता संपेना. आंब्याखाली पोचली तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटेना, नुसता हात मागं दाखवत राहिली. अस्मिता अनवाणीच धावली.

मिलिंदनं आपली गाडी जाळीतून तशीच घुसवली. सगळ्यांनी मिळून सदूला आत घेतलं. अस्मिता मागच्या सीटवर गुडघ्यांवर बसून त्याची छाती दाबत होती, तोंडानं आकडे मोजत होती आणि मध्येच ओरडत होती, "काका, माझ्याकडं बघा!" सदूनं एकदा डोळे उघडले. काय म्हणाला ते कुणाला नीट कळलं नाही. कौसाबाईला वाटलं, तो माफी मागत होता. बदलापूरच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच तो गेला होता.

घरगाडी रानातच राहिली होती. ती मिलिंदनं तिसऱ्या दिवशी आणली. त्याला मैदान, बाभळ काही माहीत नव्हतं. त्यानं ती सरळ इमारतीच्या अंगणात, दारासमोर आडवी उभी केली आणि चावी कौसाबाईच्या हातात दिली. जाताना तो वाकून तिच्या पाया पडला.

तेराव्याला मिलिंद आणि अस्मिता दोघंही आली. पानं उठल्यावर कौसाबाईनं अस्मिताला आतल्या बाजूला ओढलं.

"एक विचारू? मी लगेच आले असते तर?"

अस्मितानं खाली बघितलं. "काकू, कशाला आता..."

"मला खोटं नको सांगू."

"वाचलेही असते कदाचित," अस्मिता हळू म्हणाली. "आणि नसतेही. शपथेवर काहीच नाही सांगता येत. पण तुम्ही शेजारी असता ना, तर मला त्यांचा चेहरा दिसला असता." एवढं बोलून तीच रडायला लागली आणि कौसाबाईलाच तिची समजूत घालावी लागली. कौसाबाईच्या डोळ्यांतून मात्र पाणी आलं नाही. नदीकाठापासून आलं नव्हतं.

विनीत म्हणाला, "आई, गाडी मैदानात नेऊन लावतो. अंगण अडलंय."

"हात लावू नको," कौसाबाई म्हणाली. "अडू दे."

तिच्या मनात काहीतरी कठीण होऊन बसलं होतं. ह्याच लोकांची वाट अडू नये म्हणून तो कडेकडेनं जगला आणि कडेलाच मेला. आता घ्या म्हणावं वळसे. विनीत पुण्याला गेला आणि गाडी तशीच आडवी राहिली. पाणीवाल्याचा टँकर बाहेर थांबायला लागला, पोरांचं क्रिकेट बंद झालं, दूधवाला सायकल उचलून नेऊ लागला. कौसाबाई संध्याकाळी गाडीच्या पायरीवर बसायची आणि कुणी काही बोलतंय का याची वाट बघायची. भांडायला तिला कुणीतरी हवं होतं. पण कुणीच बोललं नाही. येताजाता माणसं मान खाली घालून अंग चोरून जायची.

उन्हाळ्यात समोरच्या आण्णांच्या मुलीचं, तेजलचं लग्न निघालं. सकाळी नवरीला न्यायला फुलांनी सजवलेली गाडी आली आणि वळणावरच थांबली, आत यायला वाट नव्हती. कौसाबाई पायरीवर बसून बघत होती. तिला वाटलं, आता आण्णा येतील, तोंड सोडतील. आण्णांनी गाडीकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं आणि मुलीला म्हणाले, "चल बाळा, चालत जाऊ. चार पावलं तर आहेत."

शालू दोन्ही हातांनी उचलून धरत तेजल घरगाडीला वळसा घालून निघाली. बाजूला गटार होतं, त्याच्या काठावरून तिला तोल सांभाळत जावं लागलं. तिची आई बनूबाई मागून तिचा खांदा धरून चालत होती. जाता जाता तेजल कौसाबाईसमोर थांबली, वाकली आणि पाया पडून पुढं गेली.

ते गटाराच्या काठावरून अंग सावरत जाणं कौसाबाईला बघवेना. त्या पोरीच्या जागी तिला दुसरंच माणूस दिसलं.

लग्नाची गडबड ओसरल्यावर ती आण्णांच्या दारात गेली. आण्णा ओट्यावर अडकित्ता घेऊन बसले होते.

"आण्णा," ती म्हणाली, "गाडी काढायला विनीतला बोलावलंय. मैदानात नेऊ, की इथंच कुठं लावता येईल? कुणाला अडचण होणार नाही अशी."

आण्णांनी अडकित्ता खाली ठेवला. "मैदानात कशाला? त्या भिंतीला लावा की. माझी पत्र्याची शेड आहे तिथं, तिच्यात नुसतं भंगार. मी काढतो ती."

"तुमची शेड कशाला मोडता?"

"अहो, ती तर मी सदूची गाडी आली तेव्हाच मोडणार होतो," आण्णा म्हणाले. "हिला बोललो पण होतो. काय गं?" आतून बनूबाईनं हो म्हटलं. "पण तो पार नाल्यापलीकडं लावायला लागला. मला वाटलं, त्याला नकोय आपल्यात लावायला. एवढी हौसेनं बनवलेली गाडी, पोरं ओरखडे काढतील असं वाटत असेल. मग मीच गप्प बसलो. त्यानं एका शब्दानं विचारलं असतं तर..."

कौसाबाई उभीच राहिली. शेडकडं बघितलं. गंजलेला पत्रा, चार खांब, एका सकाळचं काम. इतकी वर्षं तो उन्हातान्हात नाल्यापलीकडं जात होता, आणि इथं त्याच्यासाठी जागा ठेवलेली होती. फक्त ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मागायचं त्याला कधी सुचलं नव्हतं.

"त्यांना वाटायचं," ती म्हणाली, "तुम्हाला चालणार नाही."

"आम्हाला?" आण्णांचा आवाज चिरकला. "सदूची गाडी आम्हाला चालणार नाही?"

कौसाबाई त्यांच्या ओट्यावर मटकन खाली बसली. नदीकाठापासून अडून राहिलेलं सगळं एकदम वर आलं आणि ती मोठ्यानं, लहान पोरासारखी, रडायला लागली. आण्णांना काय करावं ते कळेना. बनूबाई आतून हात पुसत आली आणि तिच्या शेजारी टेकली. तिनं कौसाबाईचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. रस्त्यानं माणसं जात होती, काही थांबून बघत होती. कौसाबाईनं तोंड झाकलं नाही, की आवाजही लहान केला नाही.