निरोधच्या डब्याचं रडगाणं

मी निरोधचा डबा बोलतोय. किन्हवलीकडच्या एका उपकेंद्राच्या भिंतीवर टांगलेला. माझ्यामुळे ह्या पंचक्रोशीत जितकी पोरं जन्मायची राहिली, तितकी कुठल्या मोठ्या डॉक्टरलाही रोखता आली नसती! बरं, थापा पुरे. माझ्यातला अर्धा माल गड्यांनी लावणीत मोबाईल भिजू नये म्हणून नेला. मोबाईल कोरडे, बायका पोटुशा.

शिक्षण माझं अर्धवट. समोरच्या भिंतीवर तक्ते आहेत, पण दार उघडलं की अर्धी अक्षरं दाराआड जातात. माणसं मात्र मला पुरती वाचता येतात. बाप्ये माझ्यापाशी आले की हटकून वाकून बुटाची नाडी बांधतात. पायात चप्पल असली तरी! तुम्हीही हसताय ना, तोंडाला रुमाल लावून?

एकच बाई मला कधी चेष्टेवारी नेता आली नाही. कुणाली. दोन लेकरांची आई, तिसरं नको म्हणून इथं यायची. अनिता सिस्टरनी तिला सगळं समजावलं आणि निवड तिच्यावर सोडली.

आधी तिनं गोळ्या घेतल्या. मळमळायला लागलं, तशी सासू ताराबाई खूश: "नातू येतोय गो!" नातू नाही म्हटल्यावर घरात तोंडं फिरली, गोळ्या सुटल्या. मग इंजेक्शन. थोडं थोडं अंगावर जाणं थांबेचना, तर ताराबाईनं तिला देवाकडे फिरकू देणं बंद केलं. मग तांबी बसवली. त्यानं कंबर धरली, आणि पाळी आली की नुसता नळ सोडल्यासारखं.

"सगळ्यांना असं नाय होत गो," सिस्टर कळवळून म्हणाल्या. "तुझ्याच अंगाला काय मानवत नाय."

तांबी काढली. ऑपरेशनसाठी शहापूरला नेली, तर डॉक्टर म्हणाले, अंगात रक्तच नाही, आधी ते भरून आणा. आणि मधेच दिवस राहिले तर जिवावर बेतेल.

म्हणून परवा कुणाली नवऱ्याला ओढतच घेऊन आली. हा प्रणय. आटगावच्या गोदामात खुर्चीवर बसून गाड्या मोजतो.

"आता तुमीच काय ते करा," सिस्टर त्याला म्हणाल्या. "हा डबा हाय, नायतर नसबंदी. थोडे दिवस आराम केला की झालं."

मी गंजकं पोट पुढं काढलं. वाटलं, आज तरी हात आत येईल.

"ते घालून काय मजा नाय, सिस्टर."

"मग नसबंदी?"

"पागल हाय का? ताकद जाते माणसाची."

"कोण बोललं तुमाला?"

"सगळे बोलतात. भारा उचलणारा माणूस मी. ऐन कापणीत भारे कोण वाहील?"

बाकावरच्या बाया पदराआड हसल्या. मीही हसलो असतो, पण कुणाली खांबाला टेकून उभी होती, ओठ पांढरेफटक, केसांत भाताचं तूस अडकलेलं.

आता मला खाली उतरवणार म्हणतात, बूड गेलंय माझं. बाप्यांनो, भंगारात जायच्या आधी एकदा तरी लाज सोडून हात घाला, एवढंच मागणं होतं. घालणार नाही, ठाऊक आहे. त्या दिवशीही प्रणय चप्पल सरकवून निघालाच होता.

मागून कुणालीनं विचारलं, "अवो, मग कालचे भारे कोणी वाहिले?"