गव्हाणीतला गुलाबी कण

भिंगताईने चिमट्याने एक गुलाबी कण उचलून काचपट्टीवर ठेवला आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पशुखाद्याच्या प्रयोगशाळेत सगळे तिला याच नावाने हाक मारत. वीस वर्षं पेंडीतला भुसा आणि कोंड्यातली माती शोधून तिची नजर अशी झाली होती, की ही डाळ निवडायला बसली तर घर उपाशी मरेल, असं नवरा म्हणे.

आजचा नमुना माहेरचा होता. परवा थोरली गाय तासाभरात तडफडून गेली. दादाने दोन पिशव्या आणल्या होत्या, एक गिरणीच्या पोत्यातली आणि दुसरी गव्हाणीत उरलेल्या खाद्याची.

"गिरणीवाल्याचंच पाप आहे," दादा बाकावरून म्हणाला. "तू फक्त लिहून दे, मग बघतो त्याच्याकडे."

पोत्यातलं खाद्य स्वच्छ होतं. गव्हाणीतल्या खाद्यात मात्र भरडलेला मका होता, आणि त्याच्या सालीला गुलाबी रंग चिकटला होता. पेरणीच्या बियाण्याला विषारी औषध चोळतात आणि कुणी चुकून खाऊ नये म्हणून ते असं रंगवतात.

"दादा, गिरणीचा दोष नाही. गाईने पेरणीचा मका खाल्लाय."

दादा आता हळू आवाजात बोलला. "सकाळचं खाद्य बाबा घालतात. त्यांना आता दिसतंय कुठे! डोळ्यांचं ऑपरेशन मीच पुढे ढकलत आलो." तो जवळ सरकला. "त्यांना सांगू नकोस गं. खचतील."

तिने होकारार्थी मान हलवली. तेवढ्यात बाहेर बसलेले बाबा भिंतीला हात लावत आत आले.

"कळलं का काही?"

"आजार होता, बाबा. खाण्यात काही नव्हतं."

नमुन्याबद्दल ती आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलली होती. बाबांचे खांदे सैल झाले.

"उपाशी तरी नाही गेली बिचारी," ते म्हणाले. "विण्याला आली होती ना, म्हणून कोपऱ्यातल्या पोत्यातला मका मी स्वतः भरडला. घमेलंभर गव्हाणीत ओतला, जवळजवळ सगळा खाल्ला तिने. उरलेला काल शेजारणीला दिला. तिची म्हैसही गाभण आहे. आज संध्याकाळी घालते म्हणाली."

दादा ताडकन उठला आणि फोन कानाला लावत बाहेर गेला.

"याला काय झालं?" बाबांनी विचारलं.

भिंगताईला रडू आवरेना. तिने खुर्ची ओढली, बाबांना बसवलं आणि त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"बाबा," ती म्हणाली, "मी आत्ता खोटं बोलले."