केअर ऑफ चित्रलेखा

"ती केबल नका काढू, केविनचं काम अडकेल," आई सवयीनं बोलून गेली. मग तिचं तिलाच कळलं.

ग्लेननं इंटरनेटची केबल उपटली. ग्लेन म्हणजे आईच्या कंपनीनं सिडनीहून बोलावलेला तपासवाला. हातात निळे ग्लव्ह्ज, बूट दारात नीट काढून ठेवलेले. तुमचं वाटोळं करायला आलेला माणूस एवढा सभ्य असला की डोकं जास्त फिरतं.

इथून जवळच, डँडेनॉन्ग साउथला, कंपनीचं औषधांचं गोडाऊन आहे, तिथून वृद्धाश्रमांना औषधं जातात. आई तिथे आयटी सपोर्टला. कुणी पासवर्ड विसरलं की चित्रलेखाला फोन. सोमवारी तिथले सगळे कंप्यूटर लॉक झाले आणि स्क्रीनवर खंडणी मागणारा मेसेज आला. ट्रक जागेवर, म्हातारी माणसं इन्सुलिनची वाट बघत. चोर आत शिरला केविनच्या लॉगिनमधून. आणि केविनचा लॅपटॉप आमच्या घरी, मिक्सरच्या शेजारी.

"तो तुमच्याकडे का होता?" ग्लेननं विचारलं.

हे त्याला कसं सांगणार? आमच्या घरी कायम कुणाचं ना कुणाचं पार्सल पडलेलं असतं. पुण्याहून नवीन आलेल्या पोरांना पत्ता नसतो. बँकेचं कार्ड, लायसन्स, सगळं केअर ऑफ चित्रलेखा. आई आली तेव्हा तिचं पहिलं कार्डही शैलामावशीच्या पत्त्यावर आलं होतं. त्यामुळे आईला नाही म्हणताच येत नाही. केविन टॅन आईच्या कंपनीत घरून काम करायला लागला. पर्थला असतो म्हणायचा. त्याचा कॅमेरा कायम बिघडलेला. एक दिवस म्हणाला, घरमालकानं घर विकलंय, कंपनीचा लॅपटॉप तुमच्या पत्त्यावर येऊ दे. मग म्हणाला, पेनांगला आई सिरियस आहे, बॉसला सांगितलं तर नोकरी जाईल, लॅपटॉप फक्त चालू ठेवा, मी इथून जोडून काम करतो.

आईला यातलं काही कळत नव्हतं असं नाही. पण लॉकडाउनमध्ये आजी गेली तेव्हा इथून विमान नव्हतं. आईनं सगळं फोनवर बघितलं होतं, स्टीलच्या डब्याला फोन टेकवून. आई सिरियस आहे म्हटल्यावर ती पुढचं काही ऐकत नाही.

"पेनांग वगैरे काही नाही," ग्लेन म्हणाला. "आमच्या अंदाजानं तो उत्तर कोरियाचा माणूस आहे. नाव चोरलेलं. पगार तिकडच्या सरकारला जायचा. आणि पुरेसं बघून झाल्यावर त्यानं कुलूप लावलं."

"वेडे आहेत साले," मी म्हटलं. "परेड, मिसाईल. सायको लोक."

"नो, मेट. वेडे वाटतात, आणि तसं वाटणं त्यांच्या सोयीचं आहे." तो लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत सरकवत होता. "त्यांच्याशी धड कुणी व्यापार करत नाही. पैसा हवाय, युद्ध परवडत नाही. बॉम्ब टाकला तर उलट बॉम्ब येणार. या चोरीत उलट काय येणार? शाळेतून गणितात हुशार पोरं वेचायची, आणि इकडे एक चांगली बाई शोधायची. त्यांच्या जागी मी असतो तर मीसुद्धा हेच केलं असतं."

चांगली बाई. आई टेबलावरची न सांडलेली साखर पुसत राहिली.

"तो माझ्या गुडघ्याची चौकशी करायचा," ती म्हणाली. "मला ताई म्हणायचा. मीच शिकवलं होतं."

"त्यांना लिहून दिलेलं असतं तसं. घरच्यांची चौकशी करा म्हणून."

"सगळंच?"

"मला माहीत नाही, चित्रा."

"आता त्याचं काय करतील?"

"आई!" मी ओरडले. "तुझं काय करतील ते विचार ना! तो गेला खड्ड्यात!"

"मयूरा, आवाज."

ग्लेन माझ्याकडे न बघताच बोलला. "त्यांच्या घरचे तिथेच असतात. म्हणून पोरं पळत नाहीत." मग त्यानं पुढचं सांगितलं, सरकारी पत्र वाचावं तसं. आईचा फोन तपासाला लागेल. तिचे सगळे ॲक्सेस बंद. रिपोर्ट पोलिसांकडे जाईल. आणि नोकरी परत मिळेल असं धरून चालू नका.

"दुसरीकडे कुठे आयटीत?" आईनं विचारलं.

त्यानं फोनसाठी हात पुढे केला.

आईनं पासवर्ड काढून फोन त्याच्या हातात दिला. वर चार्जरही दिला, बॅटरी कमी आहे म्हणून. तो बूट घालत असताना म्हणाली, "एअरपोर्टला जाताय ना? फ्रीवेवर काम चाललंय, लवकर निघा." मला तर काहीतरी फेकून मारावंसं वाटत होतं, पण मारणार कुणाला? याला मारून उपयोग नव्हता. तो हुकूमशहा कुठे बसला असेल कुणास ठाऊक, त्याला आमची गल्लीही माहीत नाही. आणि केविनला तर चेहराच नाही.

गाडी वळली आणि माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. आईनंच कधीतरी अडीनडीला म्हणून माझा नंबर दिला असणार.

*मयूरा, ताई कुठे आहे? लॅपटॉप बंद दिसतो. प्लीज सुरू करा. फक्त दहा मिनिटं. माझ्यामागे माणूस उभा आहे.*

"आता ही नवीन स्टोरी!" मी म्हटलं. "थांब, दाखवतेच याला." मी शिवी टाइप करायला घेतली. आईनं फोन माझ्या हातातून काढून घेतला.

तिनं वाचलं. परत वाचलं. तेवढ्यात आणखी एक आला.

*ताई?*

आईनं 'केविन' एवढंच टाइप केलं. अंगठा तसाच वर धरून उभी राहिली. मग एक एक अक्षर खोडलं.

"खरं असेल का गं?" तिनं विचारलं.

मला रागानं बोलता आलं असतं. पण मला काय माहीत?

तिनं फोन माझ्या हातात परत दिला. "तू ब्लॉक कर त्याला," ती म्हणाली. "मला येत नाही ते."

गोडाऊनमधल्या प्रत्येकाला नंबर ब्लॉक करायला तिनंच शिकवलंय.

मी केला. ती मिक्सरच्या शेजारी जाऊन उभी राहिली, आणि तिथला राउटर पुसायला लागली.