आठव्या गाण्याचा शेवट

दादाला ऐकू येत नाही हे मला ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी ही जाऊन चार महिने होत आले होते. ही म्हणजे माझी बायको. दादा माझा सख्खा मोठा भाऊ. तो ड्रम वाजवतो, मी बेस गिटार. ही गेल्यानंतर आम्ही पहिल्यांदाच वाजवायला जमलो होतो, आणि जमलो होतो ते आठव्या गाण्यासाठी. सात गाणी हिने रेकॉर्ड करून ठेवली होती. आठवं राहिलं होतं.

दादाचं पत्र्याचं वर्कशॉप आहे. एक शेड, पत्रा कापायचं मशीन, वाकवायचं मशीन आणि हाताखाली चार माणसं. मोठ्या इमारतींत हवा खेळवायला पत्र्याचे चौकोनी नळ लागतात, ते तिथे बनतात. वर माळा आहे, तिथे आमची खोली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आहेत. खाली काम बंद झालं की दादा हात धुऊन वर येणार आणि ड्रमवर बसणार, हा आमचा अनेक वर्षांचा शिरस्ता. हिला कोणी विचारलं की तुमचे दीर काय करतात, तर ही सांगायची, "दिवसा पोटासाठी बडवतात, संध्याकाळी हौसेसाठी."

आमचा पहिला बँड शाळेत असताना झाला. नाव 'गंज'. दादाकडे तेव्हा ड्रम नव्हते, रंगाचे रिकामे डबे होते. माझी गिटार मागून आणलेली, तिला दोनच तारा. वडील म्हणायचे, "एक बडवतो, एक खाजवतो. अभ्यास कोण करतो?" पुढे 'गंज' मोडला, 'उलटा खिळा' झाला, तोही मोडला, मग 'भट्टी'. माणसं आली आणि गेली. एकाचं लग्न झालं, एक परदेशी गेला, एकाला अचानक शांतता आवडायला लागली. आम्ही दोघं भाऊ तेवढे राहिलो. आमच्यात भांडणं नव्हती असं नाही. रोज व्हायची. पण भांडून जायचं कुठे, घर एकच. पन्नाशीला आल्यावर आम्ही पुन्हा 'गंज' हे नाव घेतलं. या वयात ते जास्त शोभतं, असं हिचं मत पडलं.

ही आम्हाला 'उलटा खिळा'च्या काळात भेटली. स्पीकर भाड्याने देणाऱ्या दुकानात कामाला होती. एका कॉलेजच्या कार्यक्रमात तिने चालू गाण्यात आमचा आवाज बंद केला, सरळ स्टेजवर आली आणि म्हणाली, "दोघांपैकी एकाने तरी दुसऱ्याचं ऐका हो!" हॉलमधली पोरं हसली. मी तिच्याशी लग्न केलं. दादा तिला मास्तरीण म्हणायला लागला आणि शेवटपर्यंत म्हणत राहिला. त्या दिवसापासून आवाजाचं सगळं तिच्याकडे. खोलीच्या कोपऱ्यात तिचं टेबल, त्यावर बटणांचा मिक्सर, आणि तिचं बोट. बोट वर म्हणजे थांबा. बोट दादाकडे म्हणजे दादा चुकला. माझ्याकडे बोट यायचं ते जास्त वेळा.

पाचेक वर्षांपूर्वी तिने माझा डबा हलवला. डबा म्हणजे बेसचा मोठा स्पीकर. बेस वाजवणाऱ्याला तो आपल्या पाठीशी हवा असतो. माझा दारापाशी होता. हिने तो उचलून दादाच्या मागे नेला, आणि नुसता नेला नाही, दादाचं स्टूल ज्या लाकडी फळीवर होतं त्याच फळीवर ठेवला. मी म्हटलं, "हा काय प्रकार? मी इथे आणि माझा आवाज तिथे?"

"दारापाशी भिंत गुणगुणते," ती म्हणाली.

"मला नाही ऐकू येत गुणगुण."

"तुला काय ऐकू येतं? गप वाजव."

दादा फळीला स्क्रू मारत होता. त्याने मान वर केली नाही. मला वाटलं, दोघांनी मिळून ठरवलंय. दोन दिवस मी तोंड फुगवून बसलो, मग सवय झाली.

आता आठव्या गाण्याचं सांगतो. गाणं आम्हा दोघांचं, चांगलं जमलेलं, फक्त शेवटावर अडलं. दादाचं म्हणणं, दार आपटल्यासारखं एकदम बंद करायचं. माझं म्हणणं, सगळे थांबले की बेसचा एक सूर तसाच चालू ठेवायचा, तो आपोआप विरेपर्यंत. यावर किती संध्याकाळी गेल्या विचारू नका. दादा म्हणायचा, "तुझा तो सूर म्हणजे पाहुणा उठलाय पण उंबऱ्यात उभा राहून बोलतोय." मी म्हणायचो, "आणि तुझं म्हणजे वीज गेल्यासारखं." आमचा गायक, ज्याला आम्ही घसा म्हणतो, तो कंटाळून खाली जाऊन बसायचा. शेवटी ही म्हणाली, "चालू द्या तुमचं. शेवट मी ठरवीन. सांगीन तेव्हा कोणी तोंड उघडायचं नाही." आम्ही दोघांनी कबूल केलं. ती म्हणाली, दोन्ही नकोत, काहीतरी तिसरं आहे, माझ्या डोक्यात घोळतंय.

मग तिची तपासणी झाली आणि गाणं मागे पडलं.

दवाखान्यात अगदी शेवटी तिचा आवाज बसला होता. तोंडावर मास्क. एका दुपारी मी औषधं आणायला खाली गेलो होतो. परत आलो तर दाराच्या काचेतून दिसलं, दादा तिच्यावर वाकलाय, तिचा हात त्याच्या मनगटावर आहे, बोटं हलताहेत. मला वाटलं, थोपटतेय त्याला. तिचा स्वभावच तो, स्वतः आजारी आणि धीर दुसऱ्याला. दादाने मान हलवली. मी आत गेलो तेव्हा तिने मास्क खाली ओढला आणि म्हणाली, "दादांना सांगितलाय शेवट."

"मला सांग की."

"तू वाद घालशील."

आणि हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

त्यानंतर मला एकच गोष्ट हवी होती. ते गाणं तिने ठरवलं तसं पुरं करायचं. तिचं एवढं एक काम माझ्या हातात होतं, आणि ते कसं करायचं हे दादाला माहीत होतं. पण दादा भेटेना. फोन उचलेना. निरोप पाठवला की उत्तर यायचं, 'कामात आहे.' वर्कशॉपवर गेलो तर मशीन चालू करून उभा. आधी मला वाटलं, दुःखात आहे. मग वाटलं, बायको माझी गेली आणि हा काय रुसून बसलाय. शेवटी मी घशाला आणि गिटार वाजवणाऱ्या लांब्याला बोलावलं, दिवस ठरवला आणि दादाला कळवलं की आम्ही येतोय, तू नसलास तरी माळ्यावर बसू.

त्या दिवशी मी लवकर गेलो. खोली झाडली, तिच्या टेबलावरची धूळ पुसली. आणि माझा डबा फळीवरून उतरवून दारापाशी जुन्या जागी नेला. का नेला? सारखा त्या टेबलाकडे बघत होतो, हाताला काहीतरी काम हवं होतं. भिंत गुणगुणते का तेही बघावं म्हटलं. नाही गुणगुणली.

दादा आला. मान खाली, सरळ ड्रमवर. काठ्या एकमेकींवर चार वेळा आपटल्या आणि आम्ही सुरू झालो. पहिलं कडवं कसंबसं गेलं. दुसऱ्यात दादा पुढे पळायला लागला. दादा! ज्याच्या ठोक्यावर घड्याळ लावावं तो माणूस. मी जोरात वाजवलं, त्याला खेचायला. तो आणखी पुढे. मी थांबलो, लांब्या थांबला, घसा थांबला. दादा एकटाच वाजवत राहिला, थोडा वेळ. मग त्याने वर बघितलं.

"काय रे, वाजवत का नाही?"

"कधीचा थांबलोय."

त्याने हात मागे नेला आणि पाठीमागची हवा चाचपली. वळून बघितलं.

"डबा कुठाय?"

"दारापाशी. का?"

"कोणी हलवला?"

"मी. माझा आहे."

दादाने काठ्या मांडीवर ठेवल्या. घसा शहाणा माणूस. लांब्याला म्हणाला, "चल, चहा सांगून येऊ," आणि दोघं जिना उतरले.

दादा म्हणाला, "इकडे ये. समोर बस. उजेडात."

मी त्याच्यासमोर बसलो. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, डोळ्यांकडे नाही.

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. "पाच-सहा वर्षं झाली. बारीक आवाज आधी गेले, मग बोलणं. मशीन चालू आहे का ते मी हात लावून बघतो. तुझा बेस मला बुडाखालून कळायचा, फळीतून. त्यावर मी वाजवत होतो. मास्तरणीने काढली युक्ती."

"तिला तू सांगितलंस? आणि मला नाही?"

"सांगतोय कशाला? तिने पकडलं. मी इथे ड्रमचे स्क्रू पिळत बसलो होतो, ती मागून म्हणाली, दादा, तुमच्या पायाशी साप आहे. मी आपला पिळतोय. मग समोर येऊन तेच पुन्हा म्हणाली, तेव्हा मी उडालो."

मला हसू आलं. त्यालाही आलं. मग थांबलं.

"आम्ही म्हणायचो, दादाला सोयीचं तेवढंच ऐकू येतं," मी म्हटलं.

"बरं होतं ना ते. मला सोपं गेलं."

"कानाला यंत्र लावायचं."

"लावून बघितलं. नुसत्या झांजा टोचतात. आणि तुम्हाला कळलं असतं."

"कळलं असतं तर काय, दुसरा ड्रमवाला आणला असता मी?"

"नाही. सांभाळून घेतलं असतंस. ते मला नको होतं."

मी तेच विचारलं ज्यासाठी आलो होतो.

"ठीक आहे. डबा मागे ठेवू. शेवट काय सांगितलाय तिने?"

दादा खाली बघायला लागला. मला वाटलं, माझे ओठ वाचता आले नाहीत. मी त्याच्या गुडघ्याला हात लावला आणि पुन्हा सावकाश विचारलं.

"कळलं रे मला," तो म्हणाला. "मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"मास्क होता तिला. वाफ धरली होती. ओठ दिसेनात. मी आपला डोळे फाडून तोंडाकडे बघतोय, निदान एक शब्द तरी कळावा. तेवढ्यात मनगटावर बोटं आपटली. मला वाटलं, धीर देतेय. मग ती थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. कळलं का, असं. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की ती बोलत नव्हतीच. ती वाजवून दाखवत होती."

"मग परत दाखव म्हणायचंस!"

"मी हो म्हणून मान हलवली."

"का पण?"

"सहा वर्षं तेच करतोय ना मी. कळलं नाही की मान हलवायची."

त्याने बाही वर करून मनगट पुढे केलं. "तू काचेतून बघत होतास. मला दिसलास तू. काय केलं तिने? सांग ना. किती वेळा?"

मी आठवायला लागलो. बोटं हलत होती, एवढं खरं. मधे थांबली होती का? मला वाटतं थांबली होती. मी त्याच्या मनगटावर वाजवून बघितलं. "असं होतं?"

"नाही."

"मग असं? दोन, मग उशिरा एक?"

"असेल. नसेल. माहीत नाही रे धाकट्या. मी बघत होतो तोंडाकडे. आयुष्यभर ताल धरला मी आणि नेमका तोच गेला."

मी पुन्हा वाजवलं, वेगळं. तो डोळे मिटून बसला होता. किती प्रकारे वाजवलं असेल कोण जाणे. घसा चहा घेऊन वर आला आणि दारातच थबकला.

"काय रे, नाडी लागत नाही का?"

कोणी हसलं नाही. त्याने ग्लास खाली ठेवले.

डबा आम्ही दोघांनी धरून फळीवर परत ठेवला. दादाने स्टूलवर बसून एकदा हलून बघितलं आणि मला खूण केली, वाजव. त्यानंतर आठ-दहा संध्याकाळी बसलो. घशाला आणि लांब्याला दादाने स्वतः सांगितलं. लांब्या म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं मी घातलेल्या शिव्या फुकट गेल्या?" दादा म्हणाला, "त्या ओठांवरून सगळ्यात स्पष्ट कळतात." आता तिच्या टेबलावर लांब्या रेकॉर्डिंगचं मशीन चालू करतो आणि धावत येऊन गिटार उचलतो. गाणं छान झालं आहे. दादा एकदाही पुढे पळाला नाही.

शेवटाला आलो की थांबतो. मी म्हणतो, तुझ्यासारखं करू, दार आपटू. दादा म्हणतो, नको, तुझा सूर ठेवू, तिला आवडला असता. मी म्हणतो, तिला दोन्ही नको होते. घसा म्हणाला, "आधी आपापलं म्हणून भांडलात, आता एकमेकांचं म्हणून भांडताय. कधीतरी ठरवा." तो म्हणतो ते बरोबर आहे. कधीकधी वाजवता वाजवता दादा काठी ठेवतो आणि मनगट चोळतो. मीही घरी बसलो की टेबलावर बोटं आपटून बघतो. एखाद्या वेळी वाटतं, हेच होतं. पण दुसऱ्या दिवशी दादाच्या मनगटावर वाजवलं की तो मान हलवतो, नाही म्हणून. आता त्याला कळलं नाही तर तो कळलं म्हणत नाही.

सात गाणी पुरी आहेत. आठवं शेवटच्या कडव्यापर्यंत रेकॉर्ड झालं आहे. त्याचा शेवट अजून व्हायचा आहे.