मौनीचा शाहीर होताना

त्या रविवारी वामनराव बनियनवरच टेबलाशी बसले होते. समोर दोन पुस्तकं उघडी. एक जुनं, पानं सुटलेलं. दुसरं कोरं करकरीत, अणुवीज प्रकल्पातल्या सहकाऱ्याने परदेशातल्या प्रशिक्षणाहून येताना आणलेलं. एकाच खेळाच्या दोन आवृत्त्या. फार वर्षांपूर्वी तारापूरला दुरुस्तीसाठी आलेला एक परका इंजिनिअर जाताना जुन्या खेळाचा खोका त्यांच्याकडे टाकून गेला, आणि बोईसरच्या कॉलनीतल्या त्या दोन खोल्यांत राक्षस, मांत्रिक आणि भुयारं राहायला आली.

खेळ तसा सोपा. एकाने सूत्रधार व्हायचं, बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि सगळ्यांनी मिळून गोष्ट रचत न्यायची. एखादं धाडस साधलं की फसलं, ते फाशाने ठरायचं. तिसरा गडी मुरबे गावचा मासेमार नवशा. त्याने फासा खाडीत पाडल्यापासून फाशाच्या जागी हाउजीच्या आकडे घातलेल्या सोंगट्या आल्या होत्या; बिस्किटांच्या डब्यात हलवून एक काढायची. घराचा नियम मात्र कडक: पात्राचं बोलणं आपल्या तोंडाने बोलायचं. 'माझं पात्र असं म्हणतं' ही पळवाट नाही.

लहानपणी सुगंधा इतकी बुजरी, की या नियमापायी ती खेळलीच नसती. म्हणून वामनरावांनी लेकीला पुस्तकातली मौनी शोधून दिली. बोलत नाही म्हणून जिच्या अंगी शक्ती साठते अशी भटकी संन्यासिनी. तिचं नाव रेवा. आता सुगंधा पालघरच्या शाळेत शिकवायची, दिवसभर बोलायची. रेवा मात्र गप्पच राहिली होती.

"नव्या पुस्तकात मौनी काढून टाकलीय," वामनराव म्हणाले.

"मग मरू दे तिला." सुगंधाने वह्या तपासताना मान वर केली नाही.

"मरू कशी देईन? नव्या नियमांत बसवतोय. सगळ्यात जवळचा म्हणजे शाहीर."

"शाहीर? बाबा, ती जन्मात एक अक्षर बोललेली नाही!"

"तिथंच तर अडलंय. शाहिराची शक्ती बोलण्यातून येते. मग एवढ्या वर्षांचं मौन कुठं टाकायचं? पुस्तक म्हणतं, पहिल्यापासून सुरुवात करा. ते मला पटत नाही."

"तुम्हाला हवं ते करा. मी काय, तुम्हाला गडी कमी पडतो म्हणून बसते."

हे ती नेहमीच म्हणायची. ते नेहमीसारखे हसले आणि चहा मागितला.

सोमवारी पहिल्या पाळीच्या बसमध्ये वामनरावांनी खिडकीला डोकं टेकलं ते उचललंच नाही.

पावसाळ्यासाठी होड्या किनाऱ्यावर ओढल्यानंतर एका दुपारी नवशा आला. सुक्या बोंबलांची पिशवी स्वयंपाकघरात सुगंधाच्या आईच्या हातात देऊन तो सुगंधापाशी आला. ती खोका सुतळीने बांधत होती.

"शाळेच्या वाचनालयाला देतेय," ती म्हणाली.

"दे खुशाल. पन अर्द्या डावातली ती मानसं नदीच्या काठावर बसून हायत ना ताई? माजा चोर, तुजी ती मुकी. पलीकडं नेऊन सोडू, मंग दे."

"आणि सूत्रधार कोण होणार?"

"मी. साहेबांनी नवं पुस्तक वाचून दाखवलंय मला. अर्दं समजलं, अर्दं दडपून सांगीन. तेबी तसंच करायचे."

कितीतरी दिवसांनी सुगंधाला हसू आलं. तिने सुतळी सोडली.

रेवाच्या गुणांच्या कागदावर वामनरावांनी पेन्सिलीने बरंच काही उतरवलं होतं. बळ तसंच ठेवलेलं, ध्यानाच्या जागी आवाज घातलेला. शक्तीची जागा तेवढी कोरी. सुगंधा दोन्ही पुस्तकं आलटून पालटून चाळत राहिली.

"हिचं मौन कुठं टाकू रे?"

"डब्यात टाक आन् हलव."

तिने थोडा विचार केला. मग लिहिलं: मौन वाया जात नाही. रेवा पहिल्यांदा बोलेल तेव्हा सोंगटी काढायची नाही. तिचं बोलणं मानलं जाईल.

"असा नियम हाय पुस्तकात?"

"नाही. मी केला."

"बापाचीच लेक," नवशा म्हणाला आणि वामनरावांच्या खुर्चीत बसला.

नदीवरचा नावाडी हे वामनरावांचं लाडकं सोंग. येईल त्याला तो विचारायचा, कशाला आलास? खरं उत्तर मिळाल्याशिवाय नाव हलायची नाही. चोराला तर तो तासभर रडवायचा. रेवा मात्र नुसता नावेच्या काठावर हात ठेवायची, आणि नावाडी कुरकुरत तिला पलीकडे न्यायचा.

नवशाने आवाज जड करून पाहिला. जमला नाही तसा सोडून दिला आणि आपल्याच आवाजात विचारलं, "कशाला आलीस गो?"

सवयीने सुगंधाचा हात टेबलाच्या कडेवर गेला.

"आता ते नाय चालायचं. शाहीर हायस तू."

स्वयंपाकघरातली भांड्यांची खुडबुड थांबली. सोंगट्यांचा डबा बंदच होता. सुगंधाने हात मागे घेतला. ती नवशाकडे नाही, खुर्चीकडे पाहत होती.

"गडी कमी पडतो म्हणून नाही," ती म्हणाली. "मला यायचं असायचं, बाबा. आठवडाभर मी रविवारची वाट बघायचे."